मोटारीतला मुराळी

माझ्या बापाला हिंगोलीपासून सेनगावापस्तोर समद्या बाया मामा म्हणायच्या. नातं कोणतंच न्हाई. आमी धनगर, आमचे भाऊबंद अजून मेंढरामागं फिरतेत. बापानं तेवढा घोडा धरला अन् हिंगोलीच्या ठेसनावर टांगा लावला. पण त्या रस्त्यावरच्या गावात कोणाला भाऊ नसला, बाप म्हातारा असला, तर त्या लेकीला सासरहून आणायला मुराळी म्हणून माझाच बाप जायचा. अन् सासरचेबी बिनघोर पाठवायचे. सटवाजीमामा आला म्हणलं की सासू चुलीवर जास्तीचं आधण ठेवायची.

मंग मोटार आली. लढाईच्या दिवसात आली ती कोळशावर चालायची. मागं टाकी धगधगायची, चढाला लोकं खाली उतरून ढकलायचे. बाप लई हसायचा. म्हणायचा, "हिला दाणा-चंदीच्या जागी कोळसा लागते, अन् वरून बसणाऱ्यांनीच ओढायची. बरं जनावर हाय!" लढाई संपली, पेट्रोल आलं, अन् बापाचं हसू गेलं. टांग्याला सेनगाव गाठायला दिवस लागायचा. मोटारीत सकाळी बसलेला माणूस जाऊन-येऊन दिवस मावळायच्या आत घरी भाकर खायचा. मंग टांग्यात कोण बसते?

अड्ड्यावरचे टांगे एकेक करून गेले. जे दोन-चार राहिले ते ठेसन ते बाजार, एवढंच. आमच्या घोड्याच्या बरगड्या दिसायला लागल्या तवा बापानं त्याला वसमतच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याला देऊन टाकलं. टांगा घरामागं दांड्या वर करून उभा राहिला. त्यात कोंबड्या बसायच्या. बाप कोंबड्यांना हाकलायचाबी न्हाई.

मला मोटार आवडायची. खोटं काहून बोलू? शाळा म्या कवाच सोडली व्हती. मास्तरनं कानफटात मारली, म्या पाटी भिंतीवर फोडली, संपलं. तवापासून रोज मोटारीपाशी जायचो. चाक कसं काढतेत, पाणी कुठं घालतेत, समदं बघून ठेवलं व्हतं. घरी आलो की बाप म्हणायचा, "आला का मोटारीचा जावई." मंग मी पेटायचो, तो पेटायचा, अन् माय दोघांच्या मधी ताटली आदळायची.

दिवाळीच्या तोंडावर बनाबाई आली. तिचं गाव त्याच रस्त्यावर, फाट्यापासून अर्धा कोस आत. नवरा न्हाई, पोरगा न्हाई, एकच पोरगी, सत्यभामा, सेनगावात दिलेली. दरसाल तिला बापच आणायचा. बनाबाईनं धपाट्याचं गठुडं खाली ठेवलं अन् एकदम डोळ्याला पदर लावला.

"सटवाजी, पोरीचा सातवा सरत आला. दिवाळी झाली की आठवा लागते. आठव्यात गरवारशी बाई वेशीबाहेर काढत न्हाईत. पहिलं बाळंतपण हाय रे. मला ते माझ्याजवळ पाहिजे."

"अक्का, घोडं कुठाय?" बाप म्हणला.

"मोटार हाय म्हणतेत."

"मोटारीत बसून मुराळी जातेत व्हय?"

बनाबाईला सोताला जाता येईना. लेकीला लेकरू झाल्याबिगर माय तिच्या घरचं पाणी पीत न्हाई, उंबऱ्यात पाय ठेवत न्हाई. बैलगाडी मागावी तर समद्यांचे बैल सुगीत जुंपलेले. बाप खाली बघून माती उकरत बसला. मला ते बघवंना.

"मी आणतो," म्या म्हणलो. "सकाळी जातो, दुपारच्या मोटारीनं घेऊन येतो. एवढं रडायला काय झालं?"

"तू?" बाप म्हणला.

"काहून? मला तोंड न्हाई?"

"तेच तर लई हाय."

तरी गेलो. मोटारीत पुढं बसलो, लई मजा आली. सेनगावात उतरलो तवा कंडक्टर लालसिंगनं बजावलं, "देख मल्हारी, गाडी फिरून लगेच निघते. भोंगा वाजला की ये. मी थांबणार न्हाई."

सत्यभामाची सासू चतुराबाई अंगणात ज्वारी पाखडत व्हती. सासरा उत्तमराव ओट्यावर. मी कोण ते सांगितलं तसं चतुराबाईनं सूप खाली ठेवलं, पाय धुवायला तांब्या आणला, आत पाट टाकायला सांगितलं. म्या उंबऱ्याबाहेरूनच बनाबाईचं धपाट्याचं गठुडं पुढं केलं.

"पाणी नको, जेवण नको. मोटार निघून राहिली. ताईला लवकर पाठवा."

चतुराबाई माझ्याकडं बघतच राहिली. "आं?"

"मोटार थांबत न्हाई, मावशी."

"अरं, मुराळी म्हणून आलास का टपाल घेऊन आलास? घरात पाय न्हाई, पोटात घास न्हाई, अन् आमची सून मागायलास? मुराळी येते, रातीला राहते, जेवते, सकाळी लेकीची ओटी भरली की घेऊन जाते. तवा गावाला कळते की सून माहेरी गेली. अशी दारातून उचलली तर लोकं काय म्हणतील? पळवून नेली?"

तिकडं भोंगा वाजला. माझं डोकं फिरलं.

"तुमच्या घरचं खाल्ल्याबिगर पोरगी सुटत न्हाई का?"

"न्हाई सुटत," चतुराबाई म्हणली. तिनं गठुडं माझ्या हातात परत दिलं अन् सूप उचललं.

दाराआड सत्यभामा उभी व्हती. तिनं लुगड्याचं बोचकं आधीच बांधून काखेत धरलं व्हतं. पाय सुजलेले, पैंजण मांसात रुतलेले. तिनं माझ्याकडं बघितलं, मंग बोचकं हळूच खाली ठेवलं.

घरी येऊन बापाला सांगितलं. वाटलं, चाबूक काढतो आता. बाप उठला. घरामागं गेला, टांग्यातल्या कोंबड्या उठवल्या, बसायची गादी काढली अन् दगडावर आपटून आपटून झटकायला लागला. ती कापसाची जाड गादी मायनं शिवली व्हती.

"आबा, काय करून राहिलात?"

"पोरीला बसायला नको का काही? त्या मोटारीत नुसत्या फळ्या असतेत म्हणते." गादी पालथी करून म्हणला, "अन् तू बी चल. जेवायला."

दुसऱ्या दिवशी माझा बाप पहिल्यांदा मोटारीत चढला. डाव्या पायानं चढावं का उजव्या, हेच त्याला कळंना. लालसिंग म्हणला, "मामा, गादी लेके आए? घर की मोटार समझे क्या?" समदे हसले. मी उठलोच व्हतो त्याचा गळा धरायला, बापानं खाली ओढलं. पूर्ण रस्ता त्यानं पुढची दांडी दोन्ही हातानं घट्ट धरली व्हती. चढ आला की जिभेनं टक टक आवाज करायचा, घोड्याला करायचा तसा. त्याचं त्याला ध्यानात नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

सेनगावात मोटार फिरून निघून गेली अन् आमी दोघं मागं राहिलो. बापानं पाय धुतले, पाटावर बसला, पाणी प्याला, अन् मंगच म्हणला, "कसं काय चतुराबाई, बरं हाय ना?"

"मामा, तुमी व्हय!" ती पदर सावरत आली. "मला वाटलं, आता तुमच्या घरातून हे असलेच मुराळी येतील."

"पोरगं हाय. भूक लागली की चिडते."

"मला भूक लागली नव्हती," म्या म्हणलो.

"मंग आता लागली का?"

तिनं पुरणपोळी केली. माझ्या पोळीवर तूप वाढताना वाटी पूर्ण उपडी केली अन् म्हणली, "खा, भांडकुदळा." उत्तमराव अन् बाप तंबाखू मळत बसले. कोणाची लेक कुठं दिली, कोणत्या नाल्याचा पूल वाहून गेला, हेच बोलणं. चतुराबाई पोटात थोरलं पोरगं घेऊन माहेरी चालली तवा रस्त्यात टांगा थांबवून थांबवून बापानं तिला आवळे कसे तोडून दिले, ते तिनं सुनेला सांगितलं. सत्यभामा हसली. मंग चतुराबाई म्हणली, "पण मामा, मोटारीत दणके लई बसतेत. पोरीचं पोट..."

"म्या हाय की संगं," बाप म्हणला.

"तुमच्या हातात काय लगाम हाय तिचा?"

बापानं सोताचे दोन्ही रिकामे हात बघितले. चतुराबाईनंबी ते बघितलं. मंग म्हणली, "बरं. सकाळी ओटी भरते."

सकाळी खण-नारळानं ओटी भरली, भाकर ओवाळून टाकली, अन् समदं घर मोटारीपस्तोर आलं. बापानं गादी मधल्या बाकड्यावर टाकली, दोन्हीकडून दाबून बघितली, मंग सत्यभामाला बसवलं. अन् सोता डायवरच्या मानेपाशी जाऊन उभा राहिला.

"ओ मामा, नीचे बैठो ना," लालसिंग म्हणला.

"न्हाई. हितंच बरं."

मोटार सुटली. थोडं गेलं की बाप वाकून म्हणला, "दादा, पुढं नाला हाय, धीरानं."

"दिसते मला."

"डावीकडून घ्या. उजवीकडं दगड उघडा पडला हाय."

"मामा, टाइम होतो माझा!"

"पोरगी दोन जिवाची हाय, दादा."

"मंग तुमीच चालवा ना!" डायवर चिडला. "येऊन बसा, चाबूक देतो!"

मागून एक बाई उठली. रूपाबाई, बाजारला अंडी घेऊन चाललेली. "ए डायवर! मामावर वरडू नको. तू रांगत असशील तवापासून मामा ह्या रस्त्यानं आमाला नेतोय. अन् माझ्या टोपल्यातली अंडी काय तुझा बाप भरून देणार हाय? घे हळू!"

"व्हय, घे हळू," दुसरी म्हणली.

"मलाबी सातव्यात मामानंच आणलं व्हतं," तिसरी म्हणली. अन् मंग काय, अर्ध्या मोटारीत तेच सुरू झालं. कोणाला कवा आणलं, कोणाचं पोरगं रस्त्यात उलटी करायचं, कोणती सासरी जाताना टांग्यातून उडी टाकून पळाली अन् बाप घोडं सोडून तिच्यामागं ज्वारीत कसा पळाला. लालसिंग तिकिटं द्यायची सोडून ऐकत उभा राहिला. अन् नाला आला तवा डायवरनं मोटार डावीकडून घेतली. म्या बघितलं.

पुढं तर बाप नुसता हात वर करायचा अन् मोटार हळू व्हायची.

फाटा आला. सत्यभामा उतरली, मी बोचकं घेतलं. बापबी गादी डोक्यावर घेऊन उतरला.

"मामा, तुमचं तिकीट हिंगोलीचं हाय," लालसिंग म्हणला. "इथं काहून उतरून राहिले? पोरगा हाय ना संगं. अन् दुसरी मोटार आज न्हाई. पायी जावं लागंल तुमाला."

"जाईन की. पोरीला रस्त्यावर उतरवून देऊन जातेत का?"

लालसिंगनं घंटी वाजवायला हात वर केला अन् खाली घेतला. सत्यभामा रस्त्याच्या कडेला, धुरळ्यातच उभी व्हती. मंग तो पुढं जाऊन डायवरच्या कानात काहीतरी बोलला. मोटार इतकी हळू निघाली की चाकाखालची खडी वाजलेली ऐकू आली. लई लांब गेल्यावर तिनं जोर धरला.

अर्धा कोस चालायचं व्हतं. मला वाटलं, सुजलेल्या पायानं ही कशी चालणार. पण सत्यभामाच पुढं. बाप मागून म्हणतोय, "हळू, बाई, हळू," अन् ती म्हणतीय, "मामा, तुमीच चला की जरा भराभरा!" बाप पुढं जाऊन वाटेतले दगड पायानं बाजूला करायचा. ती त्याला गाठायची, हसायची, परत पुढं जायची.

गावाच्या अलीकडं कापसाची वेचणी चालली व्हती. बायांच्या रांगेतली एक बाई ताठ उभी राहिली. कपाळावर हात धरून बघितलं. अन् एकदम पळत सुटली. बनाबाईच. ओटी कापसानं गच्च भरलेली, ती सोडायचंबी तिला सुचलं न्हाई. पळताना ओटीतला कापूस भुरभुर सांडत व्हता, पळाटीच्या झाडांवर, बांधावर, बोराटीच्या काट्यांवर.

तिनं लेकीला धरलं. पोटामुळं तिला नीट कवळ्यात घेता येईना, म्हणून बनाबाईनं तिचं तोंडच दोन्ही हातात धरलं अन् नुसतं चाचपत राहिली. मंग बापाकडं वळली.

"फाट्यापासून पायी आणलंस व्हय रे हिला?"

"टांगा असता तर दारात आणली असती, अक्का," बाप म्हणला.

बनाबाईनं त्याच्या डोक्यावरची गादी बघितली. दोन्ही हातानं ती खाली घेतली अन् सोताच्या डोक्यावर ठेवली.

"चल घरी. जेवायला चल. अन् बाळंतपण झाल्यावर सव्वा महिन्यानं हिला परत कोण नेणार हाय, ते आताच सांगून ठेवते. तूच."

"मोटारीनं?"

"मोटारीनं ने न्हाईतर पाठीवर ने. पण तू ने."

बाप हसला. घोडं गेल्यापासून म्या त्याला हसताना बघितलं नव्हतं. ते तिघं गावाकडं चालायला लागले, मधी सत्यभामा. बनाबाईनं मागं वळून मला हाक मारली, "ए मल्हारी, तेवढा कापूस वेचून आण रे. मालकाचा हाय."

एरवी म्या म्हणलो असतो, मी काय तुमचा गडी हाय का? पण बोचकं खाली ठेवलं, टोपी उलटी केली, अन् बोराटीच्या काट्यातून एकेक पुंजका हळूच सोडवायला बसलो.