समोरच्याचा चेहरा

“बाई, सगळ्यांच्या जोड्या लागल्या. हा आत्ता आलेला नवा तेवढा एकटा उरला,” आजोबा मागून म्हणाले.

बाई फळ्याकडे तोंड करून चेहऱ्याचा अंडाकार काढत होत्या. मधोमध उभी रेघ, तिला छेदणारी डोळ्यांची आडवी रेघ. “डोळे चेहऱ्याच्या मध्यावर असतात हे दर वेळी सांगते, आणि दर वेळी तुम्ही ते कपाळात नेऊन बसवता,” असं म्हणत त्यांनी हातावरचा खडू झटकला आणि वळल्या.

शेवटच्या बाकापाशी त्यांचा मुलगा उभा होता.

क्षणभर त्यांना वाटलं, हा आपल्याला भेटायला आलाय. न कळवता आला असेल, घराला कुलूप दिसलं असेल, शेजारच्यांनी पत्ता सांगितला असेल. याला फाटकातून आत कसं सोडलं, असंही मनात येऊन गेलं. किल्ली द्यायला त्यांचा हात पर्सकडे गेलासुद्धा. पण पर्स बाहेर, फाटकावर जमा होती. मग त्यांना त्याचा सदरा दिसला. मातकट रंगाचा, बिनखिशाचा. वर्गातल्या सगळ्यांच्या अंगात होता तोच.

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

“बाई, बरं वाटत नाही का?” कोणीतरी विचारलं.

“खडूची धूळ गेली घशात,” बाई म्हणाल्या.

अख्खी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात गेल्यावर निवृत्त झालेल्या बाई दर गुरुवारी तुरुंगात यायच्या, त्याला बरीच वर्षं झाली होती. इथे कोणी काय केलंय ते विचारायचं नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम. विद्यार्थ्यांनी मात्र बाईंची सगळी माहिती काढून घेतली होती. नवरा लवकर गेला, एकच मुलगा, तो दुसऱ्या शहरात शीतगृहाच्या मोठ्या गाडीवर ड्रायव्हर, दर रविवारी न चुकता फोन करतो. गेले काही महिने त्याला घरी यायला जमलं नव्हतं. “काम फार वाढलंय गं,” असं तो फोनवर म्हणायचा, आणि बाई इथे येऊन तेच कौतुकाने सांगायच्या.

“मग तुम्हीच बसा की त्याच्यासमोर,” आजोबा म्हणाले. आजोबा वर्गातले सगळ्यांत जुने. पूर्वी न्हावी होते, त्यामुळे माणसाच्या डोक्याचा आकार त्यांना पाठ होता आणि त्याचा त्यांना भारी गर्व. “आम्हालाही बघू दे, बाईंना कोण कसं काढतं ते.”

सगळे हसले. नाही म्हणायला कारण सुचेना. बाई खुर्ची ओढून मुलाच्या समोर जाऊन बसल्या. गुडघ्याला गुडघा लागेल इतकं अंतर. दारातला शिपाई आळसावून भिंतीला टेकला होता.

“बाई,” मुलगा म्हणाला, “पेन्सिलीला टोक नाहीये.”

लहानपणी तो त्यांच्याच शाळेत होता. वर्गात मला बाई म्हणायचं, असं त्याला रोज बजावलेलं असे, आणि तरी आठवड्यातून एकदा त्याच्या तोंडून ‘आई’ निघून जाई. मग तो घाईघाईने पुढे ‘बाई’ जोडायचा. ‘आईबाई, आईबाई’ म्हणून पोरं त्याला दिवसभर चिडवायची. आज मात्र त्याची जीभ जराही घसरली नव्हती.

बाईंनी आपली पेन्सिल त्याला दिली. तो कागदावर वाकला, वर पाहिलं, पुन्हा वाकला. त्याची हनुवटी बारीक झाली होती. डाव्या भुवईवर एक नवी खूण होती. बाईंच्या कागदावर नुसतीच एक वाकडी रेघ उमटली.

“काय केलंस?” ओठ न हलवता त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत कोणालाही न विचारलेला प्रश्न.

“एक माणूस गाडीखाली आला.” तो कागदाशीच बोलत होता. “पहाटेची वेळ होती. सायकलवर म्हातारा. मला दिसला, उशिरा दिसला. आई, मी थांबलो नाही.”

“गेला?”

“दुसऱ्या दिवशी.”

बाईंना जे विचारायचं नव्हतं तेच तोंडून निघालं. “थांबला असतास तर?”

“डॉक्टर कोर्टात म्हणाले, वेळेवर आणला असता तर वाचला असता.”

पलीकडच्या जोडीत कुणाचं तरी नाक बटाट्यासारखं झालं म्हणून हशा पिकला. बाईही सवयीने हसल्या आणि त्या हसण्याचीच त्यांना शिसारी आली.

“आणि ते फोन?”

“तिकडच्या तुरुंगातून करायचो. तिथे जागा पुरेना म्हणून गेल्या आठवड्यात आम्हा काही जणांना इकडे हलवलं. तू गुरुवारी येतेस ते माहीत होतं. चित्रकलेला बसतो, असं मीच सांगितलं. फोनवर सांगायचा धीर होत नव्हता. म्हटलं, समोर जाऊन उभं राहावं, पुढचं पुढे.” त्याने एकदाच सरळ वर पाहिलं. “कुणाला सांगू नकोस. तू माहेरचंच आडनाव लावतेस, म्हणून कुणाच्या ध्यानात आलेलं नाही. भेटीला आलीस तर जाळीपलीकडून जेमतेम बोलता येतं. इथे दर आठवड्याला अशी समोर बसशील.”

बाईंना ते पटलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना तेवढंच हवं होतं. त्याने पेन्सिल नीट धरली नव्हती, म्हणून त्यांनी त्याच्या बोटांवर हात ठेवून पकड सारखी केली आणि जमेल तितका वेळ तो तिथेच ठेवला. इतर विद्यार्थ्यांसाठीही त्या असंच करायच्या. कोणाला काही वाटलं नाही.

“बाई,” आजोबांचा आवाज आला, “या रविवारी आला का हो मुलाचा फोन?”

“आला की.” बाई मागे न वळता म्हणाल्या. “मजेत आहे. कामातून डोकं वर काढायला सवड नाही बघा.”

“नशीब काढलंत. नाहीतर आमच्या आया! विचारा त्यांना मुलं कुठे असतात म्हणून. तोंड लपवत फिरतात बिचाऱ्या.”

वर्ग पुन्हा हसला. मुलगाही सगळ्यांबरोबर हसायला गेला, पण ते त्याला जमलं नाही. त्याने मान इतकी खाली घातली की कपाळ कागदाला लागलं. त्याच्या डोक्यावरचे खुरटे केस बाईंसमोर होते. आपण आत्ता काय केलं ते त्यांना लख्ख दिसलं. पोटचं पोर समोर पडलं होतं आणि त्या न थांबता पुढे निघून गेल्या होत्या. किती सोपं होतं ते.

त्या उठल्या. खुर्ची मागे आपटली.

“आजोबा, मी खोटं बोलले. मुलगा कामात नाही. हा माझा मुलगा.”

कोणीतरी हसलं. बाई थट्टा करतायत असं त्याला वाटलं असावं. मग ते हसू अर्ध्यातच विरलं. आजोबा उठून उभे राहिले होते. एकदा बाईंकडे, एकदा त्या पोराकडे बघत होते. डोक्यांचे आकार पाठ असलेल्या माणसाला इतका वेळ हे दिसलं नव्हतं. त्यांचा हात वर गेला आणि स्वतःच्याच तोंडावर पडला.

“मी नुसतं आपलं... बाई, मला काय माहीत हो,” एवढंच ते पुटपुटत राहिले.

शिपाई भिंतीपासून सुटून ताठ झाला. तो जवळ आला आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “बाई, मी दाराबाहेर होतो. मला काही ऐकू आलं नाही. चालेल?”

“तुम्ही दारात होतात,” बाई म्हणाल्या. “ऐकलंत तुम्ही.”

जेलरसाहेब भला माणूस होता. त्याने बाईंना पाणी दिलं, पंखा वाढवला आणि डोकं धरून बसला. आतल्या कैद्याच्या नातेवाइकाला इथे शिकवता येत नाही, हा नियम बाईंनाही ठाऊक होता.

“एक करता येईल,” तो म्हणाला. “त्याला दुसऱ्या तुरुंगात पाठवतो. लांब पडेल, पण तुमचा वर्ग चालू राहील. ही माणसं गुरुवारची वाट बघतात, बाई. तुम्ही गेलात तर दुसरं कोण येणार इथे?”

बाईंच्या डोळ्यांसमोर बटाट्यासारखी नाकं आली. तोंडावर हात ठेवून उभे असलेले आजोबा आले. सगळे आले.

“त्याला इथेच ठेवा,” त्या म्हणाल्या. “मी वर्ग सोडते.” आणि मग त्यांना पहिल्यांदा रडू आलं. ते मुलासाठी होतं की त्या बाकीच्यांसाठी, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

भेटीच्या दिवशी त्या तुरुंगाच्या मागच्या बाजूच्या दाराशी उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत हे दार त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. रांगेत बहुतेक बायकाच होत्या, हातात पिशव्या, कडेवर मुलं. खिडकीतल्या पोऱ्याने मान वर न करता विचारलं, “नातं?”

“आई.”

त्याने त्यांचा हात ओढून मनगटावर निळा शिक्का उमटवला. “पुढे व्हा.”

आत लांबलचक बाक होता, भरलेला. कडेला बसलेली एक बाई लेकराला मांडीवर घेऊन सरकली आणि तिने वीतभर जागा केली. “बसा मावशी. पहिल्यांदाच आलात ना?”

“कसं कळलं?”

“शिक्का बाहीला पुसताय. तो पुसला की बाहेर पडताना हुज्जत घालत बसतात. शाई वाळेपर्यंत असा हात मोकळा धरा.” तिने आपलं मनगट पुढे करून दाखवलं. “आणि फुंकर घाला.”

बाईंनी बाही कोपरापर्यंत सरकवली, मनगट तोंडाजवळ नेलं आणि हळूहळू फुंकर घालत बसून राहिल्या.