वाऱ्याची वही

"लिहा ना, मावशी. अकरा वाजून गेले."

"थांबा ना मॅडम. येऊनच राह्यला तो."

"कोण?"

"वारा."

आरोग्य केंद्राच्या गच्चीवर सत्यभामाबाई मांडीवर वही घेऊन ऐसपैस बसल्या होत्या. समोर लोखंडी खांबावर वारा मोजायच्या यंत्राच्या तीन वाट्या ढिम्म उभ्या होत्या आणि खालच्या डब्यात शून्य दिसत होतं. बुलढाण्याहून आलेली इंजिनिअर प्रतीक्षा सारखी घड्याळ बघत होती. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मग सातपुड्याकडून एक झुळूक आली, वाट्या हलल्या, बघता बघता रंगात आल्या, आणि डब्यात पाच पूर्णांक दोन उमटताच बाईंनी तो आकडा झोकात वहीत उतरवला.

"पाहा! म्हटलं होतं का नाही?"

प्रतीक्षाचा चेहरा मात्र खर्रकन उतरला. "मावशी, वर्षभर असंच लिहिलंत?"

"असंच म्हंजे? दिवसातून तीनदा. एक दिवस खाडा नाही. तापात होती मी, तरी जिना चढली."

"आणि वारा नसला तर?"

"तं बसाचं. वारा नसतांना टोपलं कोणी हालवते काय?"

सत्यभामाबाई केंद्रातल्या परिचर. पण नोकरी लागायच्या आधी, आणि लागल्यावरही रजा टाकून, गावची निम्मी ज्वारी त्यांनीच उफणलेली. तिवईवर चढायचं, भरलेलं टोपलं उंच धरायचं आणि वारा येईस्तोवर हलायचं नाही. वारा आला की धार सोडायची. दाणा खाली, भुसा पलीकडे. जिला दम निघत नाही तिच्या राशीत कचराच फार. तोच दम बाईंनी मोठ्या इमानाने गच्चीवर आणला होता. आपोआप नोंद ठेवणारं यंत्र महाग म्हणून सरकारने साधं बसवलं आणि बाईंच्या हाती वही दिली. त्या काटकसरीने हा असा उजेड पाडला होता.

आणि त्या वहीवर तर सगळा डोलारा उभा होता. केंद्राची वीज दिवसातून दोनदा जायची. लसींच्या फ्रिजची काळजी, बाळंतपण अडलं तर मोबाइलच्या उजेडात. म्हणून इमारतीवर छोटी पवनचक्की बसवायची ठरलं. खर्च साडेचार लाख. वहीतल्या वाऱ्याप्रमाणे वर्षाला अठ्ठेचाळीस हजारांची वीज. साडेनऊ वर्षांत पैसा वसूल. सरपंच उकंडरावांनी भर ग्रामसभेत जाहीर केलं होतं, की मुहूर्ताचा नारळ सत्यभामाबाईच फोडतील. बाईंनी त्यासाठी जांभळं पातळ घेऊन ठेवलं होतं आणि वरवट बकालच्या बाजारात भेटेल त्याला सांगूनही झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांना पुढे बोलावत होतं.

खाली केंद्राच्या ओसरीवर प्रतीक्षाने सरपंचांसमोरच हिशेब मांडला. वहीतली सरासरी सेकंदाला पाच मीटर होती, पण वारा पडलेला असतानाची शून्यं तीत आलीच नव्हती. आजूबाजूची झाडं, पाण्याची टाकी बघता खरा वारा अडीचच्या आसपास असावा, असा तिचा अंदाज होता.

"मंग निम्मी वीज येईन," बाई म्हणाल्या. "निम्मी तं निम्मी!"

"निम्मी नाही, मावशी. वारा निम्मा झाला की वीज आठवा हिस्साच उरते. पैसे वसूल व्हायला पंचाहत्तर वर्षं लागतील. चक्की टिकते वीस."

उकंडराव खुर्चीत सावरून बसले. "काऊन एवढं मनावर घेता, मॅडम? कागद पक्का झाला, पैसा सरकारचा. चक्की बसू द्या. वाऱ्याचं काय, येईन हळूहळू."

"वर्षभराच्या सह्या मावशींच्या आहेत," प्रतीक्षा म्हणाली. "मी एक दिवस काय पाहिलं, ते वर कोणी ऐकणार नाही. वही चुकली असं त्यांनीच लिहून दिलं, तर ही फाइल थांबेल. पुन्हा मोजू, आणि वारा खरंच कमी निघाला तर याच पैशात सौर पाट्या बसवता येतील."

सौर पाट्या! त्या बाईंनी शाळेवर पाहिल्या होत्या. नुसत्या उताण्या पडून असतात. चक्की कशी, फिरते, शिवारातून दिसते, पाहणाऱ्याला विचारावंसं वाटतं की ही कोणाची. बाई वही काखेत मारून घरी गेल्या.

घरी त्यांचे यजमान इंद्रभान अंगणात वांगी निवडत बसले होते. सगळं ऐकून ते आधी पोटभर हसले.

"माह्यासाठी तं तू कधी दोन मिनिटं थांबली नाही, अन् त्या वाऱ्यासाठी वर्षभर बसली!"

बाईंनाही हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळे भरून आले. "लिहून देल्लं तं गाव हसन हो."

"हाव, हसन. चार दिवस हसन."

"चक्कीबी जाईन. नारळबी जाईन."

"जाईन," इंद्रभान म्हणाले, आणि एक किडकं वांगं बाजूला टाकलं.

बाईही वांगी निवडायला बसल्या. मग म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत मी कोणाच्या दाण्यात भुसा जाऊ देल्ला नाही. अन् हे अख्खी वहीच भुसा निघाली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज लिहिला. 'मी वारा येईपर्यंत थांबत होते, त्यामुळे आकडे खरे नाहीत.' खाली ठसठशीत सही केली. गाव हसलं, चार नव्हे चांगलं पंधरा दिवस हसलं. पोरीबाळी नळावर विचारायच्या, "मावशी, आला का तो?" बाईही ठेवून द्यायच्या, "तुह्या दादल्यापेक्षा लवकर येते!"

चैत्रापासून नवी वही सुरू झाली. आता नियम एकच: घड्याळाचा काटा जिथे, नोंद तिथे. पहिलं शून्य लिहिताना बाईंचा हात अडला. घरात पाहुणा आला आणि त्याला चहाही न विचारता परत पाठवला, तसं काहीसं वाटलं. पुढे सवय झाली. आषाढात वारा सहा-सात झाला तेव्हा त्यांनी पेढा खाल्ल्यागत तोंड करून आकडे लिहिले. पण श्रावण सरला आणि वाट्या पुन्हा ढिम्म झाल्या. सहा महिन्यांची सरासरी अडीचलाच येऊन टेकत होती. चक्की गेली हे उघड होतं, आणि सौर पाट्यांचा कागद पुढे सरकला होता. उकंडरावांनी समजूत काढली, "नारळ तं नारळच असते, बाई. पाट्याईचा फोडा." बाईंनी हो म्हटलं, पण पातळ पेटीतून काढलं नाही.

भाद्रपदातल्या शेवटच्या नोंदीला प्रतीक्षा मुद्दाम आली. दोघी गच्चीवर उभ्या राहिल्या. पाच वाजले. झाडाचं पानही हलत नव्हतं. बाईंनी गोल, घसघशीत शून्य काढलं आणि सही केली.

वही मिटते न मिटते तोच डोंगराकडून वारा सुटला. बाईंचा पदर फडफडला, वाट्या गरगरा फिरू लागल्या, डब्यात सहाच्या वर आकडा चढला.

"मावशी, आला!" प्रतीक्षा ओरडली.

बाईंनी पदर खोचला, मान वर करून क्षणभर त्या फिरणाऱ्या वाट्यांकडे डोळे भरून पाहिलं.

"येऊ द्या," त्या म्हणाल्या. "पाच वाजून गेले." आणि वही प्रतीक्षाच्या हातात देऊन त्या जिना उतरू लागल्या.