मर्जीचा मालक

"कामाची वेळ कोण ठरवायचं?" भरपाईच्या सुनावणीत अधिकाऱ्यांनी विचारलं, तसा लादीवाल्याने कुबडी भिंतीला टेकवली आणि छाती पुढे काढली.

"मीच, साहेब. आपण कुणाचे नोकर नाही."

शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने कपाळाला हात लावला. गेले आठ दिवस ती त्याला पढवत होती, विचारतील तेवढंच बोला म्हणून. साइटवर भिंतीला लाद्या बसवताना तो शिडीवरून पडला आणि गुडघ्याचा चुरा झाला. त्याची भरपाई कंपनीच्या कामगाराला मिळणार होती, स्वतंत्र कंत्राटदाराला नाही. करारावर तर 'स्वतंत्र कंत्राटदार' असंच लिहिलेलं. भरपाई नाही तर ऑपरेशन नाही, आणि हा पठ्ठ्या इथे फुशारक्या मारत होता. कंपनीचे वकील गालातल्या गालात हसले आणि त्यांनी आपला साक्षीदार, साइटचा मुकादम, पुढे केला.

"हे म्हणतात, ते आपल्या मर्जीचे मालक होते," अधिकारी म्हणाले.

"हा?" मुकादमाला ते भलतंच झोंबलं. "माझ्या साइटवर माझ्याशिवाय कुणाची मर्जी चालत नाही. आठच्या ठोक्याला हजर! पाच मिनिटं उशीर झाला की फाटकावरूनच परत पाठवायचो ह्याला. तिसऱ्या मजल्यावरचं बाथरूम तीनदा उखडायला लावलं!"

वकील खोकले. पण मुकादमाची गाडी सुटली ती सुटलीच.

बायको ऐकत राहिली. मधूनच एखाद्या दिवशी नवरा सकाळी नऊलाच घरी यायचा, हत्यारांची पिशवी कोपऱ्यात टाकायचा. "आज मन नव्हतं, आलो परत," म्हणायचा. तिनेही कधी खोदून विचारलं नव्हतं.

"काय हो, खरं आहे हे?" अधिकाऱ्यांनी लादीवाल्याला विचारलं.

तो बायकोकडे न बघता कुबडीच्या रबराशी चाळा करत राहिला. तिचा जीव टांगणीला लागला.

"हो, साहेब," तो अखेर म्हणाला. "ते सांगतील तसंच करायचो."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं.

"मग तुम्ही कामगारच. करारात काही का लिहिलेलं असेना. भरपाई मिळेल."

तिच्या जिवात जीव आला. बाहेरच्या पायऱ्या उतरताना तिला मोठ्याने हसावंसं वाटत होतं. त्याची मान मात्र खालीच होती.

"बसने जायचं की टॅक्सीने?" तिने विचारलं.

"तू म्हणशील तसं."

"छे बाई, मी कोण सांगणारी? तुमचं तुम्ही ठरवा."

तो थांबला. तिच्याकडे नीट बघितलं.

"टॅक्सी," तो म्हणाला, आणि हात त्यानेच वर केला.