सात चुलींचा वाटा

द्राक्षाचे खुडे सुरू झाले की पेठच्या वरच्या अंगाचा तो पाडा रिकामा व्हायचा. घरं सगळी मिळून आठ. त्यांतली सहा घरं दाराला कडी लावून, कोंबड्या टोपलीत घालून, पोराबाळांसकट देशावर उतरायची. मागे राहायची म्हातारी चिमणाबाई आणि तिच्या शेजारचा बुधा.

बुधानं मागं राहावं असं कुणी ठरवलं नव्हतं. पण पाड्याच्या गुरांना पाणी कुणीतरी पाजायला हवं, आणि त्याची बायको पहिल्याच बाळंतपणात गेलेली, पोरही गेलेलं. मग राहणार कोण? बुधाच. अठरा वर्षं हे असंच चाललं होतं.

चैत्रात मोह गळायला लागला, की आधी सगळा पाडा पहाटे टोपल्या घेऊन झाडाखाली असायचा. आता फुलं तशीच पडून राहायची. दोन हजार तीनच्या चैत्रात तर असा सडा पडला, की पाड्यात माणसापेक्षा वासच जास्त राहत होता. चिमणाबाई तेवढी पहाटे काठी टेकत जायची. कानानं पार गेलेली, पण गळा होता. वेचता वेचता गुणगुणायची:

मोह गळतो पहाटं, भुई पिवळी पिवळी
येचणारं न्हाई कुनी, उभी एकली सावली

एके दिवशी तिनं वेचलेल्या जागेपासून दहा हातांवर बुधाला माती उकरलेली दिसली. जवळच लेंडं, त्यात मोहाच्या फुलांचा चोथा. अस्वल. माणसांची वर्दळ गेली तसं ते रान सोडून थेट घरांजवळ आलं होतं.

"मावशे, उद्यापासून झाडाखाली जाऊ नको," तो तिच्या कानाशी ओरडून बोलला. "अस्वल येतंय."

"येऊ दे की. कुनीतरी येतंय."

"फाडून खाईल तुला."

"माझ्यात खायाला काय ऱ्हायलंय रं? हाडं चघळील आन जाईल."

ती ऐकणार नव्हती. पण खरं सांगायचं तर बुधाच्या मनात तेवढंच नव्हतं.

एक्केचाळीस वर्षांच्या आयुष्यात तो शंभरदा तरी शिकारीला गेला असेल, पण दर वेळी हाकेकरी म्हणून. हाकेकऱ्यांनी रांग धरून रान उठवायचं. एकानं "हूऽऽ हो" घातली की पुढच्यानं तसंच उत्तर द्यायचं. त्यानं कळतं, रांग तुटली नाही. जनावर पळत सुटायचं ते बंदूकवाल्याकडे. बंदूक ठासणीची, पिकाच्या राखणीसाठी बापाला मिळालेली, बापामागं थोरल्या भावाची, सावळीरामची. सावळीरामनं त्या बंदुकीनं डुकरं पाडली होती. अस्वल त्यालाही कधी मिळालं नव्हतं.

आणि नुसतं मारून कुणी शिकारी होत नसे. पहिल्या शिकारीचा वाटा पाड्याच्या सातही परक्या चुलींपर्यंत पोचवायचा. प्रत्येक घरानं तो आपल्या चुलीवर शिजवून खायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, अमक्यानं मारलं, आम्ही खाल्लं. तोवर शिकाऱ्यानं नुसत्या पेजेवर राहायचं. सात चुलींनी नाव घेतलं की तो पंगतीत वरच्या अंगाला बसायचा, बोलला की लोक ऐकायचे. एक चूल जरी राहिली तरी ती शिकार नव्हे, नुसता जीव घेतला. शिकारीला सरकारची बंदी आल्यापासून हे सगळं दबक्या आवाजात चालायचं, पण चालायचं.

बुधाला त्या पंगतीत बसायचं होतं. दुसरं काही नको होतं.

त्यानं भावाच्या घराची कडी काढली, आढ्यावरची बंदूक उतरवली, दारू ठासली, चिंधी घातली, वर शिशाची गोळी. चिमणाबाईच्या दाराला बाहेरून काठी आडवी लावली. म्हातारी आतून बडबडत राहिली. पहाटेच्या आधीच तो मोहाच्या समोर, पळसाच्या आडोशाला जाऊन बसला.

फुलं गळत होती. एकेक फूल पडल्याचा आवाज येत होता, इतकं सामसूम. पूर्वेला जरा उजाडलं आणि झाडाखालचा अंधार हलला. ते खाली मान घालून, फूं फूं करत, भुईवरची फुलं तोंडानं ओढत पुढं सरकत होतं. पाठच दिसत होती. केसांचा नुसता ढीग. गोळी कुठं घालायची?

आता गप्प राहायचं, हे बुधाला ठाऊक होतं. पण तीस वर्षं जो गळा जनावर दिसताच मोकळा होत आला, तो त्याचं ऐकेना. त्यालाही कळायच्या आत तोंडातून निघालं, "हूऽऽ हो."

आणि सवयीनंच तो थांबला. उजवीकडून उत्तर यायला हवं होतं. डावीकडूनही. डोंगरातून काहीच आलं नाही. सहा घरांची माणसं साठ मैलांवर दुसऱ्याच्या मळ्यात झोपली होती.

ऐकलं ते फक्त अस्वलानं. कोण हाक मारतंय ते बघायला ते मागच्या दोन पायांवर उभं राहिलं, माणसासारखं, आणि छातीवरची पांढरी कोर उजेडात आली. बुधानं बंदुकीला ठिणगीची टोपी आधीच चढवलेली होती. त्यानं चाप ओढला.

धूर निवळला तेव्हा ते फुलांवर कुशीला पडलेलं होतं. तो बराच वेळ जवळ गेला नाही. मग गेला आणि शेजारी उकिडवा बसला. आपल्या हाकेला एवढ्या दिवसांत कुणी उभं राहिलं असेल तर हेच, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला पाणी प्यावंसं वाटलं.

दिवसभर तो एकटाच कापत होता, वाटे करत होता, धुरावर धरत होता. दाराची काठी काढल्यावर चिमणाबाईनं बिनदातांची म्हणून आपल्या चुलीवर नुसता रस्सा केला. तीन वेळा फुंकर घालून प्याली आणि भिंतीकडे बघत ओरडून बोलली, "बुधानं मारलं, म्या खाल्लं." पाड्यात तेवढाच आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला शपथ घालून घरात बसवलं, सहा वाटे पळसाच्या पानांत बांधून पत्र्याच्या डब्यात घातले आणि एसटी धरली.

"डब्यात काय रे? वास मारतोय," कंडक्टर म्हणाला.

"वानोळा हाय. भावाला."

"भाऊ जगायचा का हा खाऊन?" मागचे लोक हसले. बुधाही हसला. काल सकाळपासून पेजेशिवाय पोटात काही नव्हतं.

सायखेड्याला उतरून, विचारत विचारत, गोदावरीच्या काठाकाठानं तो मळ्यावर पोचला तेव्हा दिवस मावळायला आला होता. पत्र्याच्या शेडपुढं सगळा पाडा बसलेला. बोटं काळी, पाय सुजलेले. त्याला बघून भावजय भागुबाई उठली.

"भाऊजी? मावशी बरी हाय ना?"

"बरी हाय. वैनी, म्या अस्वल मारलं."

सावळीरामनं हळू विचारलं, "बंदुकीला हात लावायचं तुला कुनी सांगितलं?"

"घराशी आलं होतं, दादा. मावशी झाडाखाली जायची."

"हाकलायचं मग. आयुष्यभर हाकलतच आलास ना?" सावळीरामनं डब्याकडे पाहिलं. "आन ते इथं घिऊन आलास. कुनाला कळलं तर तू आत, मी आत, आन ह्या सहा घरांचं काम गेलं."

"वाटे आनलेत. सहा चुली मांडा, नाव घ्या. मी रातीच्या आत निघतो."

"चुली?" सावळीरामनं शेडच्या कोपऱ्याकडे हात केला. "इथं चूल एकच हाय. सगळ्यांचं एकत्र शिजतंय. बारा तास खुडल्यावर कोन सहा ठिकानी फुकत बसंल?"

बुधानं वळून बघितलं. खरंच एकच होती, मोठी, विटांची. हे त्याच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

वाटे एकाच पातेल्यात पडले. भागुबाईनं तेवढा आपला वाटा पानासकट मागं ठेवला. रस्सा उकळायला लागला तसा मळ्याचा मुकादम वास घेत आला.

"आज काय बेत? बोकड कापलं की काय?"

"मटन हाय," सावळीराम म्हणाला. "भाऊ आलाय गावाकडून, त्यानं आनलंय."

"वा. पाहुणा असावा तर असा. मलाही वाटीभर द्या."

अस्वल आहे, मी मारलं, असं बुधाच्या ओठावर आलं होतं. पण समोर सहा घरांची माणसं ताटं घेऊन बसली होती, आणि मुकादम त्यांच्यातच मांडी घालून बसला. बोललो तर उद्या ह्यांच्या पोटावर पाय येणार. माणसं जेवली. जड आहे, म्हणाली, पण चव आहे. सावळीरामनं दुसऱ्यांदा घेतलं आणि भावाकडे न बघता ताट चाटूनपुसून खाल्लं. नाव कुणी घेतलं नाही. घेणार तरी कसं?

पंगत उठली तेव्हा भागुबाईनं त्याला खूण केली. शेडच्या मागं, बांधाला, तिनं तीन दगड मांडले, द्राक्षाच्या छाटलेल्या काड्या पेटवल्या आणि ठेवलेला वाटा मडक्यात गरम केला. एक तुकडा तोंडात टाकला. मग हळू, पण त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "भाऊजींनी मारलं, मी खाल्लं."

बुधानं मान हलवली. "दोन झाल्या."

"एवढ्याच व्हतील, भाऊजी. ही लोकं आता आपल्या चुलीवर शिजवतात कवा? पावसाळ्यात घरी येतील तवा तुमचं अस्वल जुनं झालेलं असंल." तिनं पदराखालून नागलीची भाकर काढून त्याच्या हातावर ठेवली. "खा आता. तोंड बघा तुमचं."

"तू बस तवर. एकट्यानं नको."

ती टेकली. त्यानं भाकर मोडली, तोच शेडमधून सावळीरामनं पाण्यासाठी हाक मारली. ती जरा घुटमळली आणि उठून गेली.

बुधा भाकर हातात घेऊन बसला. दोन चुली म्हणजे शिकारी नव्हे, हे त्याला कळत होतं. मग ते पांढऱ्या कोरीचं जनावर कशापायी गेलं, ह्याचं उत्तर सापडेना, आणि विचारायला कुणी नव्हतं. मग तो खाऊ लागला.

बांधावरून बॅटरीचा उजेड आला. मुकादम होता.

"पाहुणे, उद्या दोन माणसं कमी पडतायत. थांबता का? आठ दिवसांचं काम आहे, सगळा गाव इथंच आहे तुमचा."

बुधानं घास गिळला. शेडमध्ये कुणीतरी हसत होतं, पोरं भांडत होती, सगळे आवाज ओळखीचे होते.

"न्हाई," तो म्हणाला. "पहिल्या गाडीनं जातो. घरी म्हातारी हाय."

"आई का?"

"न्हाई. शेजारीन."

मुकादम उजेड घेऊन पुढं गेला. बुधानं उरलेली अर्धी भाकर फडक्यात बांधली, वाटेसाठी.