काचपट्टी धुवेपर्यंत

एग्बर्ट म्हाताऱ्याला थोरल्या लेकीच्या, युटाच्या, कामाची भारी गंमत वाटायची. त्याचा जन्म गेला ऱ्हाईनकाठच्या कारखान्यात, दोन मजली हंड्यांतून रसायनं शिजवण्यात. आणि ही माइन्झच्या प्रयोगशाळेत तेच काम तळहाताएवढ्या काचेच्या पट्टीत करायची. पट्टीत केसासारख्या बारीक नळ्या. दोन बाजूंनी दोन द्रव आत सोडायचे. ते वाटेत एकमेकांत मिसळायचे आणि पलीकडे औषध होऊन थेंब थेंब पडायचे.

"भातुकली आहे गं ही तुझी!" म्हातारा चिडवायचा.

"असू दे, पपा. तुमचा हंडा तापला की अख्खा कारखाना पळत सुटायचा. माझी पट्टी हातात धरता येते."

यावर तो खो खो हसायचा, आणि मागून शेजाऱ्यापाजाऱ्यांना लेकीचं कौतुक सांगत सुटायचा.

या पट्ट्यांचं एकच दुखणं. प्रवाह मध्येच थांबला की आत क्षार धरतो, नळ्या तुंबतात. पट्टी गेली म्हणून समजा. म्हणून तिथला नेमच होता, ज्याने प्रवाह सुरू केला त्यानेच शेवटी पट्टी धुवायची. आपलं धुणं दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं नाही.

त्या दुपारी नवी पट्टी पहिल्यांदाच न तुंबता चालली होती. तेवढ्यात इस्पितळातून, आजारी पपांच्या उशाशी बसलेल्या धाकट्या बहिणीचा, मारलेनेचा, फोन आला.

"युटा, पपांचा श्वास लागलाय. सारखे तुला विचारतायत. अशीच्या अशी नीघ."

"निघालेच!"

आणि हात कुठे गेले? कोटाकडे नाही, पंपाकडे! तिने रसायनं बंद केली, धुण्याचा द्रव जोडला आणि तिथेच उभी राहिली. काय म्हणावं या सवयीला! शेजारच्या टेबलाशी फोल्कर बसला होता, इतक्या वर्षांचा सोबती. एक शब्द टाकला असता तर त्याने हातातलं सोडून पट्टी धुतली असती. पण ते तिला सुचलंच नाही. धुण्याची घाईही करता येत नाही, जोर लावला की काच तडकते. शेवटी द्रव नितळ आला, तशी ती धावत सुटली.

खोलीत मारलेनेने खिडकी सताड उघडली होती. जिवाला बाहेर पडायला वाट नको का?

"आत्ताच गेले गं. दारात पाऊल वाजलं की मान वळवायचे. मी आपली म्हणत राहिले, येतेय पपा, वाटेतच आहे." मारलेनेने डोळे पुसले. "ट्रॅम अडकली होती का?"

हो म्हणणं किती सोपं होतं! पण युटाच्याने खोटं बोलवेना.

"पट्टी धूत होते."



"झाली धुऊन?" मारलेनेने हळूच विचारलं.

युटाने मान डोलावली. पट्टी स्वच्छ निघाली होती, एकही नळी तुंबली नव्हती. हे पपांना सांगायला हवं, खूश होतील, असं तिच्या मनात आलं. आणि मग ती त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडली.