जाड तळाचा उजवा बूट

"आई, तुझा एकच बूट जाड का गं?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, विचारून दाखवच म्हणून. मुलीने जेवताना विचारलं. आईचा घास हातातच राहिला. बाबा उगाच पाणी पिऊ लागले.

मित्रांनो, तो जाड बूट म्हणजे मी. मी एक जुना उजवा बूट आहे. मोचीकाकांनी माझ्या तळाला बोटभर थर चिकटवला, तोही काळा, कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून. माझा डावा भाऊ साधाच आहे. तो मला 'जाड्या' म्हणतो.

आई इस्त्रीच्या दुकानात दिवसभर उभी असते. तिच्या उजव्या खुब्याचा गोळा जन्मापासून वाटीत बसलेलाच नाही, म्हणून तो पाय आखूड. लहानपणी कुणी डॉक्टरला दाखवलंच नाही.

"अगं, आपल्या घराण्याची चालच तशी," आई त्या दिवशीही म्हणाली. "आज्जीपण अशीच डुलत चालायची. जेव आता."

माझं कौतुक फार झालं. "वहिनी, लंगडता ते कळतसुद्धा नाही हो," गिऱ्हाइकं म्हणायची. मी फुगून जायचो. इकडे गोळा हाडावर घासत वर सरकत होता. माझ्या तळाला एकाचे तीन थर झाले. "सांधा बदलावा लागेल. जितका उशीर, तितकं अवघड," डॉक्टर म्हणाले. "मुलीला सुट्टी लागू दे," आई म्हणाली. अशा चार सुट्ट्या गेल्या. आता मला घालताना ती भिंत धरते.

आणि मला वेगळीच भीती वाटते आहे. माझ्या शेजारी मुलीचे शाळेचे बूट असतात. नवेकोरे, पण उजव्याची टाच एकाच बाजूने खाल्ली गेली आहे. ही झीज माझ्या ओळखीची आहे. पण बुटाचं कोण ऐकतं?

त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी मुलगी आपला तो झिजलेला बूट घेऊन मोचीकाकांकडे गेली. पुढचं मला त्या बुटानेच सांगितलं. त्यांनी तो उलटा केला आणि झिजलेली टाच अंगठ्याने चाचपली.

"बाळा, याला मी हात लावणार नाही," ते म्हणाले. "तुझ्या आईच्या बुटाला लावला, तेच चुकलं. तिचा खुबा बिघडलाय आणि ती ऑपरेशन टाळते आहे. आधी डॉक्टर गाठ."

मित्रांनो, जुन्या वस्तू म्हणतात, आमची निगा राखा. मी म्हणतो, माझी राखू नका. मी टिकलो की दुखणं झाकलं जातं, आणि झाकलेलं दुखणं आतून वाढतं.

मुलगी घरी आली. दप्तरही न काढता आई-बाबांसमोर उभी राहिली.

"मंगळवारी दवाखान्यात जाऊन मी माझ्या खुब्याचा एक्स-रे काढून घेणार आहे. तुम्ही दोघंही यायचं. आणि आईच्या ऑपरेशनची तारीख मिळाल्याशिवाय मी तिथून उठणार नाही."