तांबड्या पट्टीच्या अलीकडे

धाकट्या जावेचे हात पिवळे झाले आणि ते थोरलीच्या डोळ्यांत खुपायला लागले. हात पिवळे म्हणजे लग्नातले नव्हेत. लग्न होऊन तर नवरा लढाईवरही जाऊन बसला होता. हे पिवळेपण कारखान्यातलं. तोफगोळ्यांत जी भुकटी भरतात ती कातडीत मुरते आणि मग कितीही घासा, जात नाही. टोपीबाहेर राहिलेल्या बटासुद्धा पिवळ्या होतात. तसं त्यात हेवा करण्यासारखं काही नव्हतं. पण थोरलीची पोर काकूचे हात आपल्या हातांत घेऊन सगळ्यांना दाखवायची, "बघा, काकू सोन्याची होत चाललीय."

पोर एका जागी कधी ठरत नसे म्हणून घरात तिला खारू म्हणत. ठरायची ती फक्त काकूपाशी. धाकटी कामावरून आली की ही दारातच तिच्या कमरेला मिठी मारायची. मग धाकटी भिंतीला टेकून खाली बसणार आणि ही तिच्या मागे उभी राहून तिची वेणी सोडणार, घालणार, पुन्हा सोडणार. आई बिचारी चुलीपाशी. आईने हाक मारली की "आले", आणि येणं काही नाही.

"पोरीला काकूचा लळा लागलाय, बरंच आहे," सासूबाई म्हणायच्या. "तू पहिल्यापासून तशी तुसडीच."

माय मरो आणि मावशी जगो म्हणतात. इथे मावशीही नव्हे, जाऊ. जिने ना कळा सोसल्या, ना रात्री जागवल्या. आयत्या बिळावर नागोबा, असं थोरली मनात म्हणायची. मोठ्याने म्हणायची सोय नव्हती, कारण धाकटी वाईट नव्हती हो. वाईट असती तर किती बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

एकदा थोरलीने मनाचा हिय्या करून पोरीला म्हटलं, "ये, माझी वेणी घाल ना आज."

खारूने दोन बटा हातात घेतल्या आणि सोडून दिल्या. "तू सारखी हलतेस, आई. काकू बसते."

आता चुलीवर काही करपत असलं तर बाई हलणार नाही तर काय करणार? पण ते बोलणं थोरलीच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं.

नोकरी तिचीही त्याच कारखान्यात, पण फाटकाजवळच्या खोलीत, झडतीला. त्या खोलीत जमिनीवर एक तांबडी पट्टी ओढलेली होती. पट्टीपलीकडे धातूचा कण न्यायचा नाही. काडेपेटी नाही, अंगठी नाही, केसातली पिन नाही, लोखंडी बटणसुद्धा नाही. मागच्या हिवाळ्यात कडेच्या शेडमध्ये एक ठिणगी पडली होती. ती भिंत अजून काळी होती आणि तिच्याजवळून जाताना बायका बोलणं थांबवत. म्हणून पट्टीच्या अलीकडे थोरली प्रत्येकीला विचारायची, "काही आहे का?" बाई "नाही" म्हणायची. मग थोरली तिचे खिसे, कंबर आणि केस चाचपायची. दिवसभर जगाच्या केसांत हात, आणि स्वतःच्या केसांत पोरीचा हात नाही.

झडतीवालीवर कोण माया करणार? ती चहाला गेली की बाकावरच्या बायका गप्प व्हायच्या. धाकटी गेली की सरकून जागा द्यायच्या.

नियम असा होता की "नाही" म्हटल्यावर काही सापडलं तर मुकादमीणबाईंना हाक मारायची आणि त्या बाईला कामावरून काढायचं. पण नियमावर बोट ठेवलं असतं तर गोळे भरायला कारखान्यात बाईच उरली नसती. सकाळच्या घाईत वेणी घातली की एखादी पिन राहतेच. थोरली ती काढायची, टेबलावरच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची आणि म्हणायची, "डोकं घरी विसरलीस का गं?" बाई ओशाळून हसायची आणि पट्टी ओलांडायची. झालं. डबा निम्मा भरला होता. मुकादमीणबाईंनाही तो दिसत होता, पण त्यांनी कधी काही विचारलं नाही.

त्या दिवशी थोरली नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी घरातून निघाली. निघताना तिने खारूच्या कपाळावरचे केस मागे घेऊन पिन लावली. तिची स्वतःचीच जुनी पिन होती, काळी, एक पाय वाकडा झालेली. रोज सकाळी पोरीला ती पिन लावायची, एवढंच काय ते तिच्या वाट्याला होतं. तेवढ्यापुरती खारू तिच्यासमोर उभी राहायची, तेही एका पायावर.

रांग सुरू झाली. बऱ्याच बायका गेल्या आणि धाकटी समोर आली, झोपमोडीचे डोळे घेऊन, पिवळे हात पुढे धरून.

"काही आहे का?"

"नाही, ताई."

खिसे पाहिले. कंबर पाहिली. वेणी हातात घेतली, आणि मुळाशी, केसांच्या आत, बोटांना काहीतरी लागलं. थोरलीने ते बाहेर ओढलं. काळी पिन. एक पाय वाकडा.

काय झालं असणार ते तिला तिथल्या तिथे कळलं. ती निघाल्यावर पोरीने काकूची वेणी घातली असणार, दोरी सैल वाटली असणार, आणि आपल्या कपाळावरची पिन काढून तिने काकूच्या केसांत खोचली असणार. धाकटीला पत्ताही नसणार. हे सगळं कळूनही थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी लावलेली पिन. माझ्या पोरीने ती माझ्या माघारी काढली आणि हिला दिली.

डबा हाताशीच होता. थोरलीने हात डब्याकडे नेला नाही.

"मुकादमीणबाई," तिने हाक मारली, "जरा इकडे या."

मुकादमीणबाई आल्या, त्यांनी थोरलीच्या तळहातावरची पिन बघितली, मग डबा बघितला, मग थोरलीचं तोंड बघितलं. "विचारलं होतंस?"

"विचारलं होतं. नाही म्हणाली."

"ही तुझी पिन?" मुकादमीणबाईंनी धाकटीला विचारलं.

धाकटीने पिन पाहिली. तो वाकडा पाय तिच्याही ओळखीचा होता. तिने थोरलीकडे पाहिलं, अगदी थोडा वेळ, आणि म्हणाली, "हो. माझीच. राहिली असेल चुकून."

टोपी आणि झगा उतरवून ती फाटकातून परत गेली. त्या दिवशी चहाच्या वेळी थोरलीच्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही. तिला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती. काळी भिंत समोरच होती. उलट मुकादमीणबाई म्हणाल्या, "नियमाने वागलीस." बोलल्या त्या एवढंच, आणि तिच्याकडे न बघता.

घरी जाताना थोरलीने मनात उत्तरांची तयारी केली होती. धाकटी रडेल, सासूबाई तोंड सोडतील, मग आपणही बोलू. पण घरात भांडण नव्हतंच. सासूबाई पाय पसरून बसल्या होत्या, धाकटी भाजी चिरत होती आणि खारू तिच्या पाठीवर लोंबकळत होती.

"आई, काकूला सुट्टी मिळाली," खारू म्हणाली. "आता काकू रोज घरी. सकाळपासून घरी."

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटी भाजीकडे बघत म्हणाली, "मीच सांगितलं तिला. ताई, बसा, पाणी देते."

करायला गेली एक आणि झालं भलतंच. आतापर्यंत काकू फक्त संध्याकाळची होती. आता सकाळचं उठवणं काकूचं, अंघोळ काकूची, दुपारची गोष्ट काकूची. धाकटीचा पगार थांबला म्हणून थोरलीने दुसरी पाळीही धरली, पहाटेपासून रात्रीपर्यंत. ती निघायची तेव्हा पोर झोपलेली आणि यायची तेव्हाही बहुतेक झोपलेलीच, काकूच्या कुशीत. कपाळावरचे केस आता धाकटी कापडाच्या चिंधीने बांधायची.

"ती वाकडी पिन कुठे गेली गं, आई?" एकदा खारूने विचारलं. "मी काकूला लावली होती. तू बघितलीस?"

"नाही," थोरली म्हणाली.

दिवस जात राहिले. धाकटीच्या हातांचा रंग उतरत गेला आणि ते चारचौघींसारखे झाले. थोरलीला वाटलं होतं, सोनं गेलं की पोरीची हौसही जाईल. छे. पोरीच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

एका दुपारी कारखान्यात माल आला नाही म्हणून थोरली लवकर सुटली. दार लोटलेलं होतं. आतून खारूचा आवाज आला, दटावणीचा, मोठ्या बाईसारखा, आणि थोरली उंबऱ्याबाहेरच थांबली.

आत झडती चालली होती. जमिनीवर एक जुनी तांबडी ओढणी लांब पसरली होती. ओढणीच्या अलीकडे धाकटी हात पुढे करून गुडघ्यांवर उभी होती, आणि तिच्यासमोर खारू, कंबरेवर हात ठेवून. बाजूला एक रिकामा डबा.

"काही आहे का?"

"नाही, बाई."

खारूने खिसे चाचपले, कंबर चाचपली, केसांत बोटं घातली आणि कुठूनतरी एक काडी काढून दाखवली. "मग हे काय?"

"अगं बाई. राहिली चुकून."

खारूने काडी डब्यात टाकली. "डोकं घरी विसरलीस का गं? जा. पुढच्या वेळी नीट बघून ये." धाकटी ओशाळल्यासारखं हसली आणि ओढणी ओलांडून पलीकडे गेली. मग खारूने आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "काकू, आई अशीच करते ना?"

सांग, दारामागे थोरलीला वाटलं. सांगून टाक एकदा.

"हो," धाकटी म्हणाली. "तुझी आई अगदी अशीच करते."

त्या क्षणीसुद्धा, खोटं कशाला बोला, थोरलीला आधी रागच आला. हेही हिनेच करावं? इथेही हिनेच पुढे असावं? मग तिने दार ढकललं.

"आई आली," खारू ओरडली. "आता तुझी पाळी. बस खाली, हलू नकोस."

थोरली ओढणीच्या अलीकडे गुडघ्यांवर बसली. धाकटी भिंतीकडे सरकली.

"काही आहे का?" पोरीने विचारलं.

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटी खाली बघून ओढणीची सुरकुती सरळ करत होती.

"नाही," थोरली म्हणाली.

खारूने दोन्ही हात आईच्या केसांत घातले. लहान, गरम बोटं मुळापर्यंत गेली, कानामागे गेली, मानेवर आली. थोरली जराही हलली नाही. पण केसांत काहीच नव्हतं, आणि पोरीचा हिरमोड झाला.

"जा," ती म्हणाली, आणि डबा उचलून काकूच्या मांडीवर जाऊन बसली.